तळ्याकाठचे घर भाड्याने घेताना...

सुट्टीत हॉटेलच्या दोन खोल्यांत कोंडून घेण्यापेक्षा सगळ्या कुटुंबाने तीन-चार दिवसांसाठी एखादे अख्खे घर भाड्याने घ्यावे, हा विचार पुण्या-मुंबईत आता चांगलाच रुजला आहे. आजी-आजोबांना व्हरांडा मिळतो, मुलांना अंगण, आणि प्रेक्षणीय स्थळांच्या यादीमागे धावण्याचे कारण उरत नाही. लोणावळ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर पवना जलाशयाकाठी अशी घरे पुष्कळ आहेत. मात्र जाहिरातीत ज्याला ‘लेक’ म्हटलेले असते, ते तळे नव्हे. तो धरणाचा फुगवटा आहे.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. मावळात जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस ही या जलाशयाची कमाई. पुढचे आठ महिने जवळजवळ नुसता खर्च. काठाचा उतार मंद असेल तिथे पातळी थोडी खाली गेली तरी पाणी बरेच दूर सरकते. म्हणूनच ऑक्टोबरात ज्या अंगणापुढे लाटा येतात, तिथून मे महिन्यात चिखल आणि भेगाळलेली जमीन दिसू शकते. संकेतस्थळावरील छायाचित्र कोणत्या ऋतूतील असते, हे वेगळे सांगायला नको! तेव्हा ‘पाणी किती जवळ?’ असे न विचारता ‘आम्ही येऊ त्या महिन्यात पाणी कुठवर असते?’ असे घरमालकाला विचारावे. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ त्या दृष्टीने उत्तम.

उन्हाळाही अगदीच वाया जातो असे नाही. वर्षातील बराच काळ पाण्याखाली असणारे वाघेश्वराचे प्राचीन मंदिर तेव्हा उघडे पडते. या पाण्याखाली कुणाची तरी शेते होती, हे नातवंडांना सांगण्याची ती चांगली जागा आहे.

खरी काळजी घ्यायची ती याच कारणासाठी. बुडालेल्या शिवाराचा तळ तरणतलावासारखा एकसारखा नसतो. गुडघाभर पाण्यातून पुढच्याच पावलाला खोल खड्डा लागतो आणि पाय गाळात रुततो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचाही तिथे घात होतो. अशा जलाशयांत पर्यटक बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी छापाव्या लागतात. मनाईचा फलक असो वा नसो, मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. नौकाविहारात जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगात हवे, केवळ नावेत ठेवलेले नव्हे. घर आणि काठ यांच्यामध्ये कुंपण व कडी लागणारे फाटक आहे का, ही चौकशी वातानुकूलनाच्या आधी करावी.

पाण्यात उतरायचे नाही, मग करायचे काय? एक दिवस लोहगडासाठी ठेवावा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या या गडाला पायऱ्या आहेत. मुलांसह सावकाश चढता येतो. तुंगचा चढ छोटा, पण खडा. आजी-आजोबांनी तो व्हरांड्यातूनच पाहावा. स्वयंपाकाची सोय गावातच सांगून ठेवली, तर परतल्यावर मावळातल्या इंद्रायणी तांदळाचा गरम भात तयार असतो.