उमेदवारीचे मोल

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या विद्यार्थ्यांनी पदवीपूर्वी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा, हे तत्त्व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात आणले. ‘इंटर्नशिप’ हा शब्द नवा असला, तरी कल्पना जुनीच आहे. पेढीवर रोजकीर्द लिहिता लिहिता खतावणीपर्यंत पोहोचणाऱ्या होतकरू मुलाला आपण उमेदवार म्हणत आलो. त्या उमेदवारीत काम आणि शिक्षण एकजीव असे. आजच्या इंटर्नशिपमध्ये ते तसे असते काय, हा खरा प्रश्न आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार चार श्रेयांकांसाठी एकशेवीस तास, म्हणजे आठ तासांचे अवघे पंधरा दिवस, काम करावयाचे असते. एवढ्या अवधीत सारा धंदा कळणे अशक्य. म्हणूनच काम लहान परंतु पूर्ण असावे लागते. एका महिन्याचे बँकखाते हिशेबवहीशी जुळविणे, खरेदीची बिले जीएसटीच्या विवरणाशी ताडून पाहणे, उधारीची यादी करून ती कोठे तुंबली हे शोधणे, अशी कामे विद्यार्थ्यास खूप शिकवितात. काजूच्या कारखान्यात उन्हाळ्यात खरेदी केलेल्या बियांत भांडवल किती महिने अडकून पडते, हे एकदा पाहिलेल्या मुलास ‘खेळते भांडवल’ ही संज्ञा पुन्हा शिकवावी लागत नाही. याउलट, झेरॉक्स काढून आणि चहा पोचवून पंधरा दिवस भरणाऱ्याच्या हाती केवळ प्रमाणपत्र उरते.

या बाबतीत सनदी लेखापालांची रीत अनुकरणीय आहे. तेथील उमेदवारीचा काळ २०२३ साली तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला; परंतु जबाबदार मार्गदर्शक, नोंदणी आणि किमान विद्यावेतन ही बंधने कायम राहिली. २०२४ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतही दरमहा पाच हजार रुपये देण्याचे आणि निम्मा काळ तरी प्रत्यक्ष कामावर घालविण्याचे ठरले. महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र पुष्कळदा यांपैकी काहीच येत नाही.

विद्यावेतनाचा मुद्दा क्षुल्लक नव्हे. सत्तरी वा काणकोण तालुक्यातील मुलास वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करावयाची, तर बसभाडे आणि जेवण यांचा भार घरावर पडतो. ज्याला तो पेलत नाही, तो जवळच्या ओळखीच्या दुकानाचा दाखला आणून मोकळा होतो. अशा रीतीने ज्याला अनुभवाची सर्वाधिक गरज, तोच त्यास मुकतो.

तेव्हा महाविद्यालयांनी विद्यार्थी पाठविण्यापूर्वी कामाचे स्वरूप आस्थापनाकडून लेखी घ्यावे, प्राध्यापकाने मध्यंतरी तेथे जाऊन यावे आणि श्रेयांक हजेरीवर न देता विद्यार्थ्याने स्वतः काय केले, हे विचारून द्यावेत. उद्योजकांनीही निदान प्रवासखर्च सोसावा. उद्या हीच मुले त्यांच्याकडे नोकरीस येणार आहेत. त्यांना आज शिकविण्यात कसूर केल्यास, ‘कामाची माणसे मिळत नाहीत’ ही तक्रार करण्याचा अधिकार त्यांना उरणार नाही.