महिनाअखेरीचा पास्ता

गल्लीतल्या छोट्या इटालियन रेस्तराँमध्ये गँग जमते. मेन्यू उघडताच कुणीतरी म्हणतं, ‘मला भूक नाहीये.’ बहुतेकदा भूक असते, खिसा रिकामा असतो. म्हणून बजेट आधीच ठरवा. मग मागवा आल्यो ए ओल्यो. नाव भारी, अर्थ मात्र ‘लसूण आणि तेल’! नेपल्सचा पिझ्झाही मुळात गरिबांचं रस्त्यावरचं खाणं. तो बनवण्याची तिथली कला २०१७मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. मग साधा मार्गरिटा मागवायला लाजायचं कशाला? दोन डिश मागवा, चौघांत शेअर करा. बिलात ५ टक्के जीएसटी धरा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. आणि टीटीएमएम करताना ज्यानं फक्त सूप घेतलं, त्याच्याकडून सूपचेच पैसे घ्या. पुढच्या वेळी त्यालाही भूक लागेल!