पलटण घर बदलते तेव्हा

इंग्लंडमधल्या सॉल्सबरी कॅथीड्रलच्या आवारात 58 क्रमांकाचे एक घर आहे. नाव ‘द वॉर्डरोब’. तेराव्या शतकात, 1254च्या सुमारास, बिशपच्या कपड्यालत्त्याचे आणि सामानसुमानाचे कोठार म्हणून ते उभे राहिले आणि पुढे कित्येक पिढ्या त्यात माणसे राहिली. मागची बाग उतरत उतरत थेट एव्हन नदीला जाऊन भिडते. 1982पासून या घरात बर्कशायर आणि विल्टशायर या दोन परगण्यांच्या पायदळ पलटणींचे संग्रहालय आहे. आतल्या एका काचपेटीत बॉबी नावाचा लहानसा, पांढरट, गावठी कुत्रा पेंढा भरून ठेवलेला आहे. 27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली, त्यात तो 66व्या बर्कशायर पलटणीबरोबर होता. पाठीवर जखम झाली, तरी तो कंदाहारपर्यंत पोचला. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया राणीने त्याच्या गळ्यात पदक घातले आणि त्याच्या पुढच्या वर्षी गॉस्पोर्टच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून तो मेला. हा संग्रह पूर्वी बराकीत होता, तिथल्या दालनात ही कथा कोणाला सांगावी लागत नव्हती, कारण ती प्रत्येक रंगरुटाला पाठ असे. कॅथीड्रल पाहून सहज आत डोकावणाऱ्याला मात्र मैवंद हे गावाचे नाव आहे की माणसाचे, तेही ठाऊक नसते. माझे म्हणणे इथूनच सुरू होते. पलटणीचे संग्रहालय बराकीतून गावातल्या जुन्या वास्तूत आले की त्याचा प्रेक्षक बदलतो, आणि प्रेक्षक बदलला की वस्तूशेजारची चिठ्ठी नव्याने लिहावी लागते. ते काम टाळले तर बाकीचे सगळे कितीही निगुतीने केलेले असो, अर्धेच राहते.

ही संग्रहालये बेघर का झाली, ते आधी पाहू. 1881च्या सुधारणांनी ब्रिटिश पायदळाची एकेक पलटण एकेका परगण्याशी कायमची बांधली. बर्कशायरवाल्यांचे ठाणे रेडिंगच्या ब्रॉक बॅरेक्समध्ये, विल्टशायरवाल्यांचे डिवायझेसच्या ल मार्शंट बॅरेक्समध्ये. ठाणे म्हणजे भरतीची जागा, कवायतीची जागा आणि आठवणी साठवायचीही जागा. जुने बिल्ले, निशाणे, मेसमधली चांदीची भांडी, मेलेल्या अधिकाऱ्यांच्या तलवारी, सगळे तिथेच साठत गेले. 1957 नंतर सैन्यकपात झाली, जोडपलटणी झाल्या. 1959 मध्ये बर्कशायर आणि विल्टशायर एक झाल्या, 1994 मध्ये त्यांत ग्लॉस्टरशायर मिसळली आणि 2007 मध्ये ही सगळी मंडळी ‘द रायफल्स’ नावाच्या मोठ्या रेजिमेंटमध्ये विरून गेली. पलटण गेली की ठाणे जाते आणि ठाण्याबरोबर संग्रहाचे छप्परही जाते. मग छप्पर शोधायचे कुठे? ब्लॅक वॉचला पर्थमध्ये बल्हाउसी कॅसल मिळाला, गॉर्डन हायलँडर्सना अॅबरडीनमध्ये चित्रकार सर जॉर्ज रीड यांचे घर, ग्लॉस्टरशायरवाल्यांना गोदीतले जुने कस्टम हाउस, रॉयल वेल्च फ्युझिलियर्सना कर्नार्व्हनच्या किल्ल्यातला बुरूज. जुन्या वास्तूंनाही जागता भाडेकरू हवाच होता. दोघांची गरज जुळली. पण गरज जुळणे एक आणि संसार जमणे दुसरे.

सामान बांधायला घेतले की पहिला धडा मिळतो तो असा की लष्करी संग्रह हा साध्या अर्थाने निर्जीव नसतो. लोकरी कोटात कसर असते. ती नव्या घरात शिरू नये म्हणून कोट प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून उणे 30 अंशांच्या शीतकपाटात काही दिवस ठेवतात आणि मगच पेटीत भरतात. दुसऱ्या महायुद्धातल्या गॅस मुखवट्याच्या गाळणीत बहुधा अॅस्बेस्टॉस असतो, म्हणून तो कोणाच्या तोंडाला लावून दाखवायचा नाही, बंद पिशवीतूनच न्यायचा. जुन्या होकायंत्रांच्या आणि घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग आहे. चमक केव्हाच विझली, पण किरणोत्सर्ग चालूच आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या कातड्याला आतून आर्सेनिक लावण्याची सर्रास पद्धत होती, तेव्हा तसल्या प्राण्याला हातमोज्यांशिवाय उचलत नाहीत. रेशमी निशाणाची घडी घालत नाहीत, कारण घडीवरच ते फाटते. आम्लरहित कागद मध्ये घालून ते जाड नळीवर गुंडाळतात. बंदुकांना परवाने लागतात, जुन्या तोफगोळ्यांत दारू नाही याची खातरजमा करून घ्यावी लागते. या प्रत्येक पायरीवर वस्तूला क्रमांक पडतो, फोटो निघतो, वहीत ओळ येते. बराकीत वर्षानुवर्षे ‘ते मेजरसाहेबांचे कपाट’ एवढ्या ओळखीवर राहिलेल्या ऐवजाची पुष्कळदा पहिली पुरती मोजदाद स्थलांतरातच होते. घर बदलण्याचा हा फायदा लहान समजू नये.

दुसरा धडा वास्तू देते. संरक्षित वास्तूच्या भिंतीत मनाला येईल तिथे खिळा ठोकता येत नाही, दार रुंद करता येत नाही, जमिनीखालून वाटेल तशी वायर नेता येत नाही. म्हणून काचपेट्या आपल्या पायांवर उभ्या राहणाऱ्या हव्यात, आणि त्यांचे वजन जुन्या तुळया पेलतील की नाही, हे अभियंत्याकडून आधी तपासून घ्यायला हवे. खिडक्यांतून येणारा जो उजेड घराला शोभतो तोच गणवेशाचा रंग खातो. कापडासाठी 50 लक्सचा मंद प्रकाश पुरे मानतात आणि भर दुपारचे ऊन त्याच्या शेकडो पट असते, म्हणून पडदे ओढलेलेच ठेवावे लागतात. सगळ्यात चोरटा शत्रू मात्र ओक लाकूड. जुन्या इंग्रजी घराची शान त्याच्या ओकच्या तक्तपोशीत आणि कपाटांत असते, पण ओकमधून हळूहळू अॅसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. त्याच लाकडाच्या बंद कपाटात रणभूमीवरून आणलेल्या शिशाच्या गोळ्या ठेवल्या तर काही वर्षांत त्यांच्यावर पांढरी भुकटी चढते आणि अखेर गोळीचा आकारही उरत नाही. घराला शोभते ते कपाट आणि वस्तूला मानवते ते कपाट अशी इथे उघड निवड करावी लागते. वस्तूच्या बाजूने कौल द्यायचा, तर धातूची आणि काचेची पेटी घेऊन ती दालनाच्या मधोमध ठेवावी लागते, मग दालनाचे देखणेपण थोडे झाकले तरी चालेल.

जुन्या घराची ही जाचक शिस्त मला संग्रहाच्या हिताची वाटते. मोठ्या सपाट सभागृहात सगळेच मांडायचा मोह होतो. पन्नास तलवारी, दोनशे बिल्ले आणि भिंतभर पदके लागतात, आणि पाहणारा तिसऱ्या रांगेत थकतो. राहत्या घराच्या खोल्या लहान असतात, एका खोलीत एकच गोष्ट धड सांगता येते. काय दाखवायचे आणि काय कोठारात ठेवायचे हे ठरवण्यावाचून गत्यंतरच राहत नाही. वॉर्डरोबसारख्या घरात तर सगळे मजलेही संग्रहालयाचे नाहीत. सर्वांत वरच्या माळ्यावर लँडमार्क ट्रस्टची सदनिका आहे, ती सुट्टीसाठी भाड्याने दिली जाते. जुनी वास्तू एकट्या संग्रहालयाच्या तिकिटांवर तगत नाही, तिला अनेक पाय लागतात, हे तिथे मोकळेपणाने मान्य केलेले दिसते.

आता आक्षेप. सर्वांत जड आक्षेप आगीचा आहे आणि तो खोटा नाही. सरे परगण्यातल्या पलटणींचे संग्रहालय क्लँडन पार्क या अठराव्या शतकातल्या प्रासादात होते. 29 एप्रिल 2015 रोजी तळघरातल्या वीजवितरण फलकातल्या दोषातून आग लागली, जुन्या घरातल्या पोकळ्यांतून ती वर चढली आणि प्रासादाचा सांगाडा तेवढा उरला. पलटणींचा बहुतेक संग्रह गेला. 1 जुलै 1916 रोजी सोमच्या मैदानात ईस्ट सरेच्या सैनिकांनी लाथा मारत पुढे नेलेल्या फुटबॉलांपैकी एक त्यात होता. श्रूसबरीच्या किल्ल्यातले श्रॉपशायरवाल्यांचे संग्रहालय ऑगस्ट 1992 मध्ये बाँबस्फोटात होरपळले आणि 1995 मध्ये पुन्हा उघडले. हे वाचून कोणी म्हणेल की मग नवी, अग्निरोधक इमारतच बांधा. बांधता आली तर उत्तमच. पण विसर्जित पलटणीच्या विश्वस्तांकडे त्यासाठी पैसा कुठला? त्यांच्यासमोर बहुधा दोनच वाटा असतात, जुनी वास्तू किंवा संग्रह फुटून लिलावात आणि गोदामांत जाणे. दुसऱ्या वाटेने गेलेली वस्तू जळत नाही, पण ती कोणाची होती हे हळूहळू कोणाला सांगता येत नाही. माझ्या मते आगीवरचा उपाय वास्तू नाकारण्यात नाही, एकट्या वास्तूवर विसंबून न राहण्यात आहे. मजल्यामजल्यांतल्या पोकळ्या अडवायच्या, संग्रहाचा एक भाग दुसऱ्या गावी कोठारात ठेवायचा, आणि प्रत्येक कागदाची प्रतिमा घराबाहेर असू द्यायची. वॉर्डरोबच्या मंडळींनी आपल्या पलटणींच्या युद्धरोजनिश्या संकेतस्थळावर सर्वांना वाचायला ठेवल्या. उद्या घरावर काही आपत्ती आलीच, तरी त्यातला शब्द जाणार नाही.

दुसरा आक्षेप निवृत्त सैनिकांचा असतो आणि तो मनाला भिडतो. बराकीतले दालन आमचे होते, तिथे नावे वाचताना चेहरे दिसत; बिशपच्या घरात आम्ही पाहुणे झालो, आमच्या मेलेल्यांची पर्यटकांसाठी शोभा झाली, असे त्यांचे म्हणणे. या वेदनेला उत्तर देताना घाई करू नये. बराकीतल्या दालनात खरोखर एक सलगी होती, ती जाते. पण ती सलगी चेहरे ओळखणाऱ्यांच्या आयुष्याएवढीच टिकणार होती. 1959 मध्ये मिटलेल्या पलटणीत जो विशीत होता, तो आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्याच्यानंतर त्या नावांना ओळखणारे कोणी हवे असेल तर ते अनोळखी लोकांतूनच मिळवावे लागेल. म्हणूनच मी चिठ्ठीवर एवढा भर देतो. ‘66वी पलटण, मैवंद, 1880’ एवढी ओळ ओळखीच्यांना पुरते. अनोळख्याला हे रणांगण कुठे होते, हे लोक तिथे का गेले होते, कोणाविरुद्ध लढले आणि त्यांच्या शेजारी कोण होते, हे सांगावे लागते.

शेजारी कोण होते, या प्रश्नापाशी मराठी वाचकाचा संबंध येतो. मैवंदला गोऱ्या पायदळाची एकच पलटण होती, 66वी. पायदळाच्या बाकी दोन पलटणी मुंबई लष्करातल्या होत्या, पहिली मुंबई ग्रेनेडियर्स आणि 30वी जेकब्स रायफल्स. घोडदळही हिंदीच होते. समोरच्या अफगाण फौजेचा सेनापती अयूब खान याच्या तोफा जास्त होत्या, ऊन जुलैचे होते, पाणी नव्हते. दारूगोळा संपल्याने काही तोफा मागे घेतल्या गेल्या, डाव्या बाजूच्या जेकब्स रायफल्सच्या तुकड्या कोसळल्या, त्यांचा लोंढा ग्रेनेडियर्सवर आला आणि तिथून 66व्या पलटणीवर. पुढच्या वर्णनांत 66वीचे मोजके सैनिक बागेत अखेरपर्यंत लढले हे चित्र अजरामर झाले आणि हिंदी शिपायांच्या वाट्याला ‘ते मोडले’ एवढा शब्द आला. मेलेल्यांचा हिशेब मात्र वेगळे बोलतो. 66वीचे 286 जण पडले, ग्रेनेडियर्सचे 366.

यावर कोणी म्हणेल, आणि रास्तपणे म्हणेल, की हे बर्कशायर पलटणीचे संग्रहालय आहे, मुंबई ग्रेनेडियर्सची कथा सांगणे त्याचे काम नाही. मला हे पटत नाही. 66वीची उजवी आणि डावी बाजू सांगितल्याशिवाय तिचा शेवट समजतच नाही. शेजाऱ्याला चिठ्ठीतून वगळले तर पलटणीचा स्वतःचाच इतिहास लंगडा होतो. आणि हे एका लढाईपुरते नाही. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कूतच्या तुर्की वेढ्यात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, आणि त्यांची सुटका करायला 1916च्या एप्रिलमध्ये टायग्रिसकाठाने झुंजत निघालेल्या फौजेत 5वी विल्टशायर होती. सुटका झाली नाही, 29 एप्रिलला कूत पडले. या प्रसंगाचा एक धागा सॉल्सबरीच्या घरात आहे आणि दुसरा बेळगावात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात. दोन्हीकडच्या चिठ्ठ्यांत एकेक ओळ वाढवायला नवी खोली लागत नाही.

सॉल्सबरीला जाणारे मराठी प्रवासी स्टोनहेंज पाहतात, कॅथीड्रलमधला 1215चा मॅग्ना कार्टा पाहतात. तिथून 58 क्रमांकाचे घर दूर नाही. एकदा आत जा, बॉबीच्या पेटीपाशी थांबा, शेजारची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचा आणि तिथल्या माणसाला ग्रेनेडियर्सबद्दल विचारा. प्रश्न पुन्हा पुन्हा आला की संग्रहालयात चिठ्ठी बदलते.