संगणक वापर-निर्बंध

कार्यालयीन जालकातील सामाईक संगणकावर कोणत्या वापरकर्त्याने कोणती मांडणी बदलावी, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस ही संज्ञा लावतात. एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या कामास बाधक ठरू नये, हा तिचा मुख्य हेतू होय.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ मध्ये प्रथम दाखविण्यात आलेल्या सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीत पुढे संकेतशब्द वापरात आले. तेथे दोन व्यवस्थापक एकाच वेळी संपादन करीत असता त्यांच्या तात्पुरत्या संचिकांचे नाव एकच असल्याने त्यांची अदलाबदल झाली आणि नेहमीच्या सूचनेऐवजी सर्व संकेतशब्दांची यादी वापरकर्त्यांपुढे छापून आली. १९७५ मध्ये जे. एच. सॉल्टझर व एम. डी. श्रोडर यांनी कामापुरतेच अधिकार द्यावेत, या ‘किमान अधिकार’ तत्त्वाचे विवेचन केले.

विंडोज २००० पासून जालकातील असे निर्बंध ‘गट-धोरणा’द्वारे मध्यवर्ती ठिकाणाहून घालता येतात. ही धोरणे स्थानिक संगणक, स्थळ, क्षेत्र व संघटन-विभाग या क्रमाने लागू होतात आणि विरोध आल्यास सामान्यतः नंतरचे धोरण ग्राह्य धरले जाते. वापरकर्ता कोणीही असला, तरी संगणकाच्या स्थानानुसार वापरकर्त्याची मांडणी ठरविण्याचीही सोय असून सामाईक संगणकास ती विशेष उपयुक्त ठरते.

तथापि पडद्यावरील पर्याय केवळ दृष्टिआड केल्याने संरक्षण मिळत नाही. त्यासाठी संचिकांवरील अधिकार मर्यादित ठेवणे आणि दैनंदिन कामास प्रशासकीय खाते न वापरणे आवश्यक असते. याउलट, निर्बंध अवाजवी झाल्यास कर्मचारी एकमेकांचे संकेतशब्द वापरू लागतात व मूळ हेतूच विफल होतो.