जुनी जीप : आधी कागद, मग ब्रेक, शेवटी रंग

चौदा एप्रिल जवळ आला की विरार, नालासोपारा, वसईच्या वस्त्यांमधून उघड्या जीपची शोधाशोध सुरू होते. प. पू. बाबासाहेबांची प्रतिमा ठेवायला जीपच हवी, असा कार्यकर्त्यांचा आग्रह असतो. पूर्वी मंडळे भाड्याने गाडी आणत. आता आपलेच तरुण जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप विकत घेऊ लागले आहेत. कोणी हौस म्हणून घेतो, कोणी वरातीला देऊन चार पैसे मिळतील म्हणून. हौसेला माझा विरोध नाही. पण हा पैसा बहुधा आईच्या बचत गटाचा किंवा वडिलांच्या फंडाचा असतो, म्हणून हिशेबाच्या अंगाने काही गोष्टी सांगतो.

ही गाडी मुळात युद्धाची. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी सैन्यासाठी सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्याच काळात, 1942 ते 1946, बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि युद्धासाठी कारागीर तयार करण्याच्या तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. पुढे 1949 साली महिंद्र कंपनीने माझगावला सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली, नंतर कांदिवलीचा कारखाना आला. मारुतीची जिप्सी 1985 ची. आज आपल्याकडे विकायला येते ती जीप यापैकीच एक, पण तीस-चाळीस वर्षांत तिच्यात कोणी काय बदलले याचा पत्ता मालकालाही नसतो.

आमच्या शेजारच्या वस्तीतील एका तरुणाने दलालाकडून अशीच एक जीप घेतली. रंग झकास, टायर मोठे, पुढे लोखंडी गार्ड. नाव बदलायला गेल्यावर कळले की चॅसीवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळत नाही. पुस्तकात इंजिन पेट्रोलचे, गाडीत डिझेलचे. दलालाने फोन उचलणे बंद केले. गाडी दीड वर्षापासून ताडपत्रीखाली आहे आणि गटाचा हप्ता त्याची आई चार घरची धुणीभांडी करून भरते आहे.

म्हणून पहिला पैसा कागदावर. बयाणा देण्यापूर्वी चॅसी नंबरवर कोरा कागद ठेवून पेन्सिल घासावी. नंबर कागदावर उमटतो. तो आणि इंजिन नंबर आर.सी. पुस्तकाशी आणि सरकारी एमपरिवहन अॅपवरील नोंदीशी ताडून पाहावा. अंकांच्या आसपास वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरावे, किंमत कितीही कमी असो. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद पुस्तकात हवी. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवलेला हवा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचे नमुना 28 चे ना हरकत पत्र विकणाऱ्याने आणून द्यायचे असते, आणि महाराष्ट्राचा रस्ता कर घेणाऱ्याला पुन्हा भरावा लागतो. नाव बदलण्याच्या नमुना 29 व 30 वर आपल्यासमोर सह्या घ्याव्यात. सह्या केलेले कोरे फॉर्म देणाऱ्या मध्यस्थावर विश्वास ठेवू नये.

हरियाणातील मंडी डबवाली हे गाव नव्याने घडवलेल्या उघड्या जीपसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही. पण आरटीओ कारागिरी पाहत नाही, नोंद पाहते. ‘मिलिटरीच्या लिलावातली’ या शब्दालाही भुलू नये. खरोखर लिलावातली असेल तर लिलावाचे कागद असतातच.

पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच जाते, अशी एक अफवा आहे. दिल्ली परिसराचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडे खाजगी गाडीची तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. मात्र खर्च आता थोडा नाही. मोटारीसाठी ही फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी 10,000 करण्यात आली. मुदत टळल्यास दर महिन्याला 500 रुपये जादा. म्हणजे दोन वर्षे नोंदणी संपलेली जुनी जीप घेतली तर 10,000 अधिक 12,000, असे 22,000 रुपये गॅरेजचे तोंड पाहण्याआधीच गेले. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. ‘पासिंग संपलंय, पण स्वस्तात देतो’ या वाक्याचा अर्थ हा असा आहे. घरातल्या आयाबहिणींनी पैसे काढून देण्याआधी एवढेच विचारावे : पासिंग कधीपर्यंत आहे, दाखव.

कागद ठीक निघाले तर एक लहान हातोडी घेऊन गाडीखाली जावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, लोखंडी स्टँड लावल्याशिवाय तर नाहीच. चॅसीवर हातोडीने हलके ठोकत जावे. चांगले लोखंड टणटण वाजते, कुजलेले बद्द वाजते किंवा पापुद्रे पडतात. मागच्या पाट्यांचे हँगर आणि शॅकल जिथे बसतात ती जागा, बॉडीचे बोल्ट आणि फ्लोअरखालची आडवी पट्टी ही गंजाची माहेरघरे. आपल्याकडे खारी हवा आहे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगावच्या किनाऱ्याला ज्या गाडीने वाळूत चकरा मारल्या असतील तिची चॅसी आतून सडलेली असते आणि वर ताजा काळा रंग मारलेला असतो. ताजा काळा रंग पाहिला की मला तरी संशय येतो. कुजलेल्या भागावर नुसता पत्रा चिकटवून वेल्डिंग करणारा मिस्त्री नको. सडलेला तुकडा कापून, चांगल्या लोखंडापर्यंत जाऊन तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवणारा शोधावा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढावी आणि डिझेलची टाकी उतरवून ठेवावी. नंतर रेड ऑक्साइड, मग रंग. समुद्रावर किंवा पुराच्या पाण्यात गेलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी.

यानंतर ब्रेक. बहुतेक जुन्या जीपना चारही चाकांना ड्रम असतात. व्हील सिलिंडर गळत असेल तर ड्रमच्या आत ओल दिसते आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. ब्रेक ऑईल हवेतले पाणी शोषून घेते, म्हणून दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे, नुसते वरून ओतू नये. पाण्यातून बाहेर पडल्यावर हळू चालवत ब्रेक चार-पाच वेळा हलका दाबावा, म्हणजे लायनर सुकतात. गॅरेजात काम करणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. ही धूळ फुप्फुसात बसली की वीस-तीस वर्षांनी आजार दाखवते.

स्टिअरिंग एका विशिष्ट वेगाला थरथरायला लागले की मिस्त्री स्टिअरिंग बॉक्स बदलायला सांगतात. आधी टायरॉड एंड, किंगपिनचे बेअरिंग आणि पाट्यांचे बुश पाहून घ्यावेत. पुष्कळदा दोष तिथेच आणि बॉक्सपेक्षा पुष्कळ स्वस्तात निघतो.

आता ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते फोर व्हील. अनेक जीपचा पुढचा शाफ्ट आधीच्या मालकाने काढून विकलेला असतो आणि दांडा मात्र जागेवर डुलत असतो. मोकळ्या मातीत किंवा चिखलात फ्रंट टाकून गाडी हळू पुढे घ्यावी आणि पुढची चाके स्वतः माती ओढतात का, हे कोणाला तरी बाहेर उभे करून बघायला सांगावे. या जीपचे फ्रंट कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकून ठेवायचे नसते. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर जात नाहीत, तो ताण शाफ्टचे क्रॉस, ट्रान्सफर केस आणि टायर यांच्यावर पडतो, आणि दांडा अडकून बसतो. गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही हाऊसिंगचे ऑईल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी आहे. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रेल्वेचे रूळ बुडाले होते, हे आपण पाहिले आहे. तेव्हा प्रत्येक पावसाळ्यानंतर ही तपासणी करावी. गाडी पाण्यात बंद पडली आणि एअर फिल्टर भिजलेला दिसला तर सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल किंवा प्लग काढून पाणी बाहेर काढावे लागते.

मॉडिफिकेशनबद्दल माझे मत कडक आहे आणि कायद्याचेही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे पुस्तकातील तपशिलात बदल होईल असे काम परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असे केंद्राने राज्यांना डिसेंबर 2017 मध्येच कळवले आहे. फार मोठे टायर घातले की ते पाट्यांना घासतात, त्याच जुन्या ब्रेकना जड चाक थांबवावे लागते, क्लच लवकर जातो आणि स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही. हातात पैसा उरलाच तर सर्व सीटना पट्टे, चांगली वायरिंग आणि फ्यूज, योग्य उंचीचे हेडलाइट आणि छोटे अग्निशामक घ्यावे. हे दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही.

पांढऱ्या प्लेटची गाडी वरातीला भाड्याने देता येत नाही, हेही लिहून ठेवावे. परमिट नसताना भाडे घेतले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईसाठी मालकाकडे बोट दाखवते. चार वराती करून मिळवलेले एका रात्रीत जाते.

मिरवणुकीबद्दल थोडे. एप्रिलच्या उन्हात माणसाच्या चालीने चार तास चालणे हे जीपला घाटापेक्षा जड जाते. आदल्या दिवशी रेडिएटरमधले पाणी, होज पाइप आणि पंख्याचा पट्टा पाहावा. गर्दी थांबली की गाडी न्यूट्रल करावी, अर्धा क्लच दाबून उभे राहू नये. काटा वर चढला तर बाजूला घेऊन थांबावे, गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. बोनेटवर आणि मागच्या फळीवर मुले बसवू नयेत. साउंडचा भार जीपच्या बॅटरीवर टाकू नये. आणि प्रतिमेसकट गाडीची एकूण उंची टेपने मोजून, दोन कार्यकर्त्यांनी मार्ग आधी पायी फिरून विजेच्या तारा पाहून याव्यात. सोपाऱ्याच्या जुन्या गल्ल्यांत तारा फार खाली आहेत.

सातिवली, वालीव, पेल्हारच्या गॅरेजांमधून आपली कितीतरी मुले हे काम उत्तम करतात, पण हातात कागद नाही म्हणून हेल्परच्या पगारावर राहतात. आयटीआयचा मोटार मेकॅनिक हा ट्रेड दोन वर्षांचा असून दहावी पास मुलामुलींना त्यात प्रवेश मिळतो. अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरले जातात. जातीचा दाखला त्याआधी काढून ठेवावा, ऐन वेळी तहसील कचेरीत रांग मोठी असते.

जयभीम.