तेजीची वार्ता आणि वसुलीची वही

धान्याच्या व्यापाऱ्याने दूरसंचाराच्या यंत्रांविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु हल्ली चिमणगंज मंडीत लिलाव आटोपल्यावर पेढीपेढीवर सोयाबीनइतकीच चर्चा ब्रॉडबँडची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांची चालते. आमचा पुतण्या व त्याचे मित्र तीत अग्रणी आहेत. म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम माल पाहू. केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने संदेश जातात. तंतूच्या टोकांना बसवलेली यंत्रे विजेच्या खुणांचा प्रकाश करतात व प्रकाशाची पुन्हा वीज करतात. यंत्र सुधारले की त्याच तंतूतून निरनिराळ्या रंगांचे प्रकाश एकाच वेळी धावू लागतात व वहनशक्ती अनेक पटींनी वाढते. व्यापाराची मेख येथेच आहे. रस्ता तोच राहून गाड्या दसपट झाल्या, तर भाडे कोसळणारच.

१९९९-२००० च्या तेजीनंतर तसेच घडले. मार्च २००० मध्ये अमेरिकेतील सिस्को ही यंत्रनिर्माती कंपनी बाजारमूल्याने जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. कॅनडाच्या नॉर्टेलने व अमेरिकेच्या ल्युसेंटने तर ग्राहकांना स्वतःच कर्जे देऊन आपली यंत्रे विकली. वहीत विक्री फुगली. पुढे ग्राहकच बुडू लागले, तेव्हा विक्री थांबली आणि उधारीही बुडाली. नॉर्टेलने जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. इंटरनेट मात्र खरोखरच घरोघर पोहोचले. माल खरा होता, भाव खोटा होता.

त्या तेजीत आम्हीही सापडलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. २००० च्या फेब्रुवारीत गव्हाच्या हंगामासाठी राखलेली रक्कम आम्ही इंदूरच्या एका दलालामार्फत अशाच एका कंपनीच्या शेअरांत घातली. ती कंपनी नेमके काय बनवते, हे आम्हांस धड सांगता आले नसते. भाव थोडा वाढताच बदल्यावर आणखी सौदे केले. मार्चमध्ये इकडे मंडीत गहू येऊ लागला आणि तिकडे भाव गडगडले. शेतकऱ्याचा चुकारा तर त्याच दिवशी द्यावा लागतो. घरातील दागिने गहाण ठेवून आम्ही तो हंगाम काढला. थोरल्या बंधूंनी आम्हांस शब्दानेही दोष दिला नाही. परंतु त्या वर्षी त्यांच्या कन्येचा विवाह पुढे ढकलावा लागला. तो सल अद्याप गेलेला नाही. आज शेअरांची चर्चा करणारा पुतण्या त्याच बंधूंचा मुलगा आहे.

आता चालू काळातील एक उदाहरण घेऊ. बंगळूरची तेजस नेटवर्क्स ही २००० साली स्थापन झालेली कंपनी आता टाटा समूहात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला बीएसएनएलच्या जाळ्यासाठी टीसीएसकडून सुमारे ७,४९२ कोटी रुपयांच्या यंत्रांची मागणी मिळाली. २०२४-२५ मध्ये तिचे उत्पन्न सुमारे ८,९०० कोटींवर गेले. ती मागणी बरीचशी पुरी झाल्यावर एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत उत्पन्न सुमारे २०२ कोटी भरले. यामुळे कंपनीचे कौशल्य उणे ठरत नाही. अशी यंत्रे आपल्या देशात रचली जातात, हे भूषणच आहे. परंतु एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर चालणारा धंदा कसा असतो, हे गव्हाच्या सरकारी खरेदीकडे डोळे लावून बसणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

पुतण्याने विचारले, “काका, मग हे शेअर घ्यायचेच नाहीत का?” आम्ही म्हणालो, “घे, पण परखी लावून घे.” पोत्यात परखी खुपसल्यावाचून आपण बोली लावीत नाही. येथे परखी म्हणजे कंपनीचा वार्षिक अहवाल. मागणी किती आली, हे सर्वच सांगतात. वसुली किती झाली, येणे किती थकले, गोदामात माल किती पडून आहे आणि गिऱ्हाइके किती, हे आपण वाचावे. आणि हंगामाच्या रकमेस हात लावू नये.

आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. म्हणून पुतण्याने अहवाल वाचला व आम्ही आकडे वहीत उतरवले. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. अखेर त्याने थोडे शेअर घेतले, तेही स्वतःच्या बचतीतून. गव्हाच्या रकमेची तिजोरी बंद राहिली. आम्हांस तेवढे समाधान पुरेसे आहे.