सेकंदाला पंधरा वेळा उजळणी

घरातला जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला संशय प्रोसेसरवर जातो. 'आता नवाच घेऊ' असं ठरूनही जातं. त्याआधी एकदा डब्याजवळ कान न्या. आत हार्ड डिस्कची कुरकुर अखंड चाललेली असते, समोरचा बारीक दिवा विझायचं नाव घेत नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये बघावं तर प्रोसेसर बराचसा रिकामाच! तो मंदावलेला नाही, खोळंबलाय.

चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम, ब्राउझरचा प्रत्येक टॅब रॅममध्ये जागा अडवतो. ४ जीबीची रॅम भरत आली की विंडोज सध्या न लागणारा मजकूर हार्ड डिस्कवर हलवते आणि गरज पडली की परत आणते. ही युक्ती मोठी कल्पक आहे आणि जुनीही. मँचेस्टरमध्ये टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या, १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलास संगणकात ती होती. त्यात डिस्कच्या जागी चुंबकीय ड्रम होता, एवढाच फरक. घोडं अडतं ते वेगापाशी. रॅमकडून हवी ती माहिती साधारण १०० नॅनोसेकंदांत मिळते. हार्ड डिस्कमध्ये मात्र आधी वाचणारी दांडी सरकते, मग मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी फिरून नेमकी जागा तिच्याखाली यावी लागते. यात १० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे लाखपट उशीर! रॅमचं उत्तर एका सेकंदात आलं असं धरलं, तर त्याच मापाने डिस्कचं उत्तर यायला एक दिवस आणि वर पावणेचार तास लागतील. ही ने-आण फार वाढली की मशीन तेवढ्यातच गुंतून पडतं आणि खरं काम बाजूला राहतं.

उपाय सोपा, रॅम वाढवायची. पण ती हिरवी पट्टी हातात आली की लगेच बसवू नका, क्षणभर न्याहाळा. तिच्यावरच्या काळ्या चिप्समध्ये एकेका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर असतो. ही जोडी सुचली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना, १९६६ साली. दोन वर्षांनी पेटंट मिळालं. कपॅसिटरमध्ये भार असला तर १, नसला तर ०. गंमत अशी की हा भार टिकत नाही, झिरपून जातो. शिवाय वाचायला गेलं तरी तो रिता होतो, म्हणून वाचलेलं त्याच क्षणी पुन्हा लिहावं लागतं. कोणी वाचो न वाचो, दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घराची उजळणी व्हावीच लागते. ८ जीबीच्या पट्टीत अशी सुमारे ६,८७० कोटी घरं असतात. तुम्ही पत्र लिहिताना नुसते विचार करत थांबलात, तरी पडद्यावरचं प्रत्येक अक्षर आत सेकंदाला पंधराहून जास्त वेळा नव्याने लिहिलं जात असतं. मला तर हा चमत्कारच वाटतो.

बसवायचं काम पाच मिनिटांचं. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या आणि डब्याच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपला बाधणार नाही. जुन्या पट्टीवरचं लेबल वाचून तशीच आणा. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावू नका. खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखं दाबलं की कडेची क्लिप खट्‌कन बंद होते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि तिरकी सरकवून मग खाली दाबायची असते. काही पातळ लॅपटॉपांत मात्र रॅम मदरबोर्डवरच पक्की डाग दिलेली असते, तिथे इलाज नाही.

पैसे घालण्याआधी एक तपासा. नेहमीची कामं चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी निम्मीच भरलेली दिसली, तर दुखणं वेगळं आहे. तिथे हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकलेली बरी. मेमरी नव्वदीपार असेल तर मात्र खुशाल वाढवा. वाढलेली जागा एरवीही पडून राहत नाही. नुकत्याच उघडलेल्या फायली विंडोज तिच्यात जपून ठेवते, म्हणून तोच फोटो दुसऱ्यांदा उघडताना डिस्कपर्यंत जावंच लागत नाही.